अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस

मद्याच्या व्यसनातून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींची, परस्परसाहाय्यावर चालणारी आंतरराष्ट्रीय संघटना. नावाचा शब्दशः अर्थ ‘अनामिक मद्यासक्त’ असा होतो. व्यवहारात ती ‘ए. ए.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओहायओ राज्यात ॲक्रन या शहरी १९३५ मध्ये दोन मद्यासक्त व्यक्तींच्या भेटीतून तिचा उगम झाला. आज सुमारे १८० देशांत तिचे समूह असून सदस्यसंख्या वीस लाखांच्या आसपास असावी, असा संघटनेचा अंदाज आहे. सदस्यत्वाला प्रवेशशुल्क नाही, वर्गणी नाही आणि मद्यपान सोडण्याची इच्छा याखेरीज अन्य पात्रताही नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी व ठरलेल्या ठिकाणी भरणारी सभा हा या संघटनेचा मूळ घटक होय. धर्मोपदेश, वैद्यक आणि कायदा यांपैकी कोणालाही एकट्याने न सुटलेल्या प्रश्नावर खुद्द व्यसनग्रस्तांनी शोधलेला उपाय म्हणून या सभेचा इतिहास लक्षणीय आहे. ही सभा टिकून राहिली, ती तिने काय काय मिळविले यापेक्षा काय काय नाकारले यामुळे, असे या इतिहासावरून दिसते.

पूर्वेतिहास : अतिरिक्त मद्यपान हे पाप अथवा दुर्वर्तन मानण्याची समजूत बहुतेक समाजांत दीर्घकाळ रूढ होती. त्याकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी अठराव्या शतकाच्या अखेरीस मूळ धरू लागली. अमेरिकन वैद्य बेंजामिन रश याने १७८४ मध्ये तीव्र मद्यांच्या दुष्परिणामांवर एक पुस्तिका लिहिली. ब्रिटिश नौदलातील वैद्य टॉमस ट्रॉटर याने १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मद्यपानाची सवय हा मनाचा आजार असल्याचे प्रतिपादन केले. स्वीडिश वैद्य मॅग्नस हुस याने १८४९ मध्ये जुनाट मद्यविकाराला ‘अल्कोहॉलिझम’ या संज्ञेचे मूळ असलेले नाव दिले. तथापि निदान झाले, तरी उपाय हाती आला नव्हता. रुग्णालयात शरीर शुद्ध होई, रुग्ण घरी परते आणि काही दिवसांतच पुन्हा पिऊ लागे.

व्यसनग्रस्तांनी एकमेकांना आधार देण्याचा पहिला मोठा प्रयोग बॉल्टिमोर येथे झाला. एप्रिल १८४० मध्ये तेथील एका मद्यालयात नेहमी जमणाऱ्या सहा जणांनी मद्यत्यागाची शपथ घेतली व ‘वॉशिंग्टन टेंपरन्स सोसायटी’ स्थापन केली. मद्यालयातील बैठकीऐवजी त्यांनी आपली स्वतंत्र साप्ताहिक बैठक सुरू केली. तीत व्याख्यान नसे; प्रत्येकाने आपण कसे पीत होतो व कसे थांबलो, एवढेच सांगावयाचे असे. ही पद्धत विलक्षण लोकप्रिय झाली आणि थोड्याच वर्षांत लक्षावधी लोकांनी शपथ घेतल्याचे सांगितले जाऊ लागले. अब्राहम लिंकन याने २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथील वॉशिंग्टनियनांपुढे केलेल्या भाषणात, मद्यपीला दूषण देण्यापेक्षा त्याच्याशी स्नेहाने वागावे, हा विचार मांडला. परंतु हे यश टिकले नाही. चळवळीत मद्यासक्तांपेक्षा इतरांची गर्दी वाढली. मद्यबंदीचा कायदा, राजकीय पक्ष, गुलामगिरीचा प्रश्न अशा विषयांवरून फाटाफूट झाली; प्रसिद्धीच्या झोतात आलेले काही वक्ते पुन्हा व्यसनात सापडले, तेव्हा लोकांचा विश्वासही उडाला. १८५० पूर्वीच ही चळवळ जवळजवळ लयास गेली. पुढे शंभर वर्षांनी ए. ए.ने आपले दंडक ठरविले, तेव्हा या अपयशाचे उदाहरण तिच्यासमोर होते.

दरम्यान अमेरिकेने कायद्याचा मार्गही चोखाळून पाहिला. संविधानाच्या अठराव्या दुरुस्तीनुसार जानेवारी १९२० पासून देशभर मद्यबंदी लागू झाली आणि डिसेंबर १९३३ मध्ये ती उठविण्यात आली. ए. ए.चा जन्म त्यानंतर दीड वर्षाने झाला. त्या वेळी देश महामंदीत होता, मद्यालये पुन्हा उघडली होती आणि ज्याचे पिणे त्याच्या ताब्यात राहिले नव्हते, अशा माणसाला द्यावयास समाजाजवळ उपदेशापलीकडे फारसे काही नव्हते.

संस्थापक व स्थापना : विल्यम ग्रिफिथ विल्सन (२६ नोव्हेंबर १८९५–२४ जानेवारी १९७१) हा व्हर्माँट राज्यात जन्मलेला, पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी राहिलेला व नंतर न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात विश्लेषक म्हणून नाव मिळविलेला गृहस्थ होता. मद्यपानामुळे त्याची कारकीर्द धुळीस मिळाली. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा त्याचा जुना मित्र व पिण्यातला सोबती त्याच्या घरी आला आणि विल्सनने पुढे केलेला पेला त्याने नाकारला. थॅचर ‘ऑक्सफर्ड ग्रूप’ या, फ्रँक बुकमन याने चालविलेल्या ख्रिस्ती पुनरुज्जीवनवादी चळवळीत सामील झाला होता. आपले दोष दुसऱ्यापाशी मोकळेपणाने कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, प्रार्थना करणे आणि आपला अनुभव इतरांना सांगणे, असे या चळवळीचे आचार होते.

या वर्तुळातील रोलंड हॅझर्ड या उद्योगपतीने मद्यासक्तीवर स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याच्याकडे उपचार घेतले होते. वैद्यकीय दृष्ट्या आशा उरलेली नाही. मात्र उत्कट आध्यात्मिक अनुभवाने अशी माणसे क्वचित बदलल्याचे आढळते, असे युंगने त्याला सांगितले होते. विल्सनने जानेवारी १९६१ मध्ये युंगला पत्र लिहून या संभाषणाचे ऋण मान्य केले व युंगने मृत्यूपूर्वी काही महिने त्याला उत्तर पाठविले.

डिसेंबर १९३४ मध्ये विल्सन न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात शेवटचा दाखल झाला. तेथे त्याला खोली प्रकाशाने भरून गेल्याचा व मन मुक्त झाल्याचा अनुभव आला. आपणास वेड तर लागले नाही ना, अशी त्याला भीती वाटली. परंतु तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी, जे काही घडले ते धरून ठेव, असा सल्ला दिला. मद्यासक्ती म्हणजे मनाचा ध्यास व शरीराची एक प्रकारची ॲलर्जी यांचे मिश्रण आहे, असे सिल्कवर्थ मानीत. त्यांच्या ॲलर्जीच्या कल्पनेला आधुनिक वैद्यकाने शब्दशः मान्यता दिलेली नाही. पण हा दोष चारित्र्याचा नसून आजाराचा आहे, ही त्यांची भूमिका रुग्णांना दिलासा देणारी ठरली. विल्सनने त्यानंतर पुन्हा मद्य घेतले नाही.

पुढील सहा महिने विल्सन मद्यालये व रुग्णालये पालथी घालून इतरांना आपल्या साक्षात्काराची कहाणी सांगत राहिला, पण एकही जण सुधारला नाही. ‘तू स्वतः मात्र पीत नाहीस’, हे त्याच्या पत्नीने, लोइसने, त्याच्या लक्षात आणून दिले. तर प्रवचन थांबवून आधी आजाराचे कठोर वास्तव सांग, असे सिल्कवर्थ यांनी सुचविले. मे १९३५ मध्ये एका कंपनीवर ताबा मिळविण्याच्या व्यवहारासाठी तो ॲक्रनला गेला. व्यवहार फसला आणि शनिवारी दुपारी मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उरला. एका टोकाला मद्यालयातील गजबज ऐकू येत होती. दुसऱ्या टोकाला गावातील चर्चची यादी लावलेली होती. आपण आता पिणार, या भीतीने त्याने यादीतील एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला व बोलण्यासाठी एखादा मद्यासक्त माणूस हवा आहे, असे सांगितले. त्याच्याकडून मिळालेल्या नावांचा माग काढीत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या ऑक्सफर्ड ग्रूपमधील बाईंपर्यंत पोहोचला. बाईंनी दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, आपल्या घरी त्याची व डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ (८ ऑगस्ट १८७९–१६ नोव्हेंबर १९५०) यांची गाठ घालून दिली.

स्मिथ हे नामांकित शल्यचिकित्सक. पण मद्यापायी व्यवसाय बुडत चाललेला. पंधरा मिनिटांहून अधिक थांबावयाचे नाही, असे ठरवून आलेले डॉक्टर सहा तासांनी उठले. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही. स्वतःला त्यांची गरज आहे, एवढेच सांगितले. मद्यासक्तीविषयी आपल्याशी स्वतःच्या अनुभवावरून बोलणारा हा पहिलाच माणूस, असे स्मिथ पुढे म्हणत. मध्यंतरी ते एकदा घसरले. त्यांनी शेवटचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. ऑक्सफर्ड ग्रूपच्या सभा स्मिथ यांना नव्या नव्हत्या आणि धर्मग्रंथांचा त्यांचा व्यासंगही मोठा होता. त्यांना मिळाला नव्हता तो केवळ समदुःखी श्रोता. साहाय्य करणारा व घेणारा या दोघांनाही त्या भेटीची सारखीच गरज होती. ए. ए.च्या प्रत्येक सभेचे तत्त्व या पहिल्या भेटीतच सापडते.

नाव, ग्रंथ व बारा पायऱ्या : दोघांनी ॲक्रनच्या शहर रुग्णालयात जाऊन तिसरा सहकारी मिळविला. तो पेशाने वकील होता. १९३७ च्या अखेरीस ॲक्रन व न्यूयॉर्क येथे मिळून सुमारे चाळीस जण मद्यमुक्त राहिल्याचे दोघांनी मोजून पाहिले. न्यूयॉर्कचा समूह १९३७ मध्ये, तर ॲक्रनचा १९३९ मध्ये ऑक्सफर्ड ग्रूपपासून वेगळा झाला. त्या चळवळीतील निरपेक्ष नैतिकतेचा आग्रह व प्रसिद्धीची ओढ मद्यासक्तांना मानवणारी नव्हती. तसेच विशिष्ट पंथाशी जोडले गेल्यास कॅथलिक व इतर लोक दूर राहतील, अशीही भीती होती.

आपली पद्धत तोंडी पसरताना विकृत होऊ नये म्हणून एप्रिल १९३९ मध्ये ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ हा ग्रंथ प्रसिद्ध करण्यात आला. त्याच्या नावावरूनच संघटनेस नाव मिळाले. ते प्रथम धारण करणारा समूह मे १९३९ मध्ये क्लीव्हलंड येथे स्थापन झाला. ग्रंथाचा मुख्य भाग विल्सनने लिहिला असून उर्वरित भागात सदस्यांची आत्मवृत्ते आहेत. त्यातच प्रसिद्ध बारा पायऱ्या आल्या. मद्यापुढे आपण हतबल झालो आहोत याची कबुली. आपल्याहून थोर अशा शक्तीवर भिस्त. स्वतःच्या वर्तनाची निर्भय झाडाझडती. ती दुसऱ्या एका माणसासमोर उघड करणे. दुखावलेल्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करणे. आत्मपरीक्षण व ध्यान चालू ठेवणे. आणि शेवटी हा संदेश दुसऱ्या मद्यासक्तापर्यंत नेणे, असा त्यांचा क्रम आहे. ऑक्सफर्ड ग्रूपचा ठसा त्यांवर स्पष्ट दिसतो. तथापि न्यूयॉर्कमधील निरीश्वरवादी सदस्यांच्या आग्रहामुळे ईश्वराचा उल्लेख ‘ज्याला जसा उमगेल तसा’ अशा अर्थाच्या शब्दांनी सैल करण्यात आला. या एका तडजोडीमुळे पुढे ख्रिस्तेतर समाजांतही या पायऱ्यांना प्रवेश मिळाला.

सभेचा शोध व सभेची रीत : आरंभीच्या काळात सभेचा पत्ता कोठेही छापलेला नसे. वैद्य, धर्मोपदेशक किंवा रुग्णालयातील परिचारिका एखाद्याचे नाव कळवीत आणि दोन जुने सदस्य त्याच्या खाटेपाशी जाऊन बसत. ॲक्रनच्या सेंट टॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ पासून डॉ. स्मिथ यांच्या मदतीने अशा रुग्णांना दाखल करून घेण्याची व्यवस्था केली. एरवी बहुतेक रुग्णालये दारुड्यांना दारातूनच परत पाठवीत. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर न्यूयॉर्कच्या टपालपेटीवर पत्रे येऊ लागली. लेखकाच्या गावाजवळ कोणी सदस्य असल्यास त्याचा पत्ता कळविला जाई. कोणीच नसल्यास ग्रंथ व पत्रे यांच्या आधारे त्यानेच दुसरा मद्यासक्त शोधून सभा सुरू करावी, असे सुचविले जाई. कित्येक गावांतील पहिली सभा अशा रीतीने दोन खुर्च्यांवर भरली. १ मार्च १९४१ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला आणि वर्षाच्या आरंभी सुमारे दोन हजार असलेली सदस्यसंख्या वर्षअखेर आठ हजारांवर गेली. पुढे शहरोशहरी मध्यवर्ती कार्यालये, दूरध्वनी क्रमांक व सभांच्या छापील याद्या आल्या. २०२० मध्ये कोविड साथीने सभागृहे बंद पडली, तेव्हा आंतरजालावरील सभांचा विस्तार झाला आणि ज्यांच्या गावी समूह नाही, अशांसाठी ती सोय नंतरही चालू राहिली.

सभा दोन प्रकारच्या असतात. खुल्या सभेस नातेवाईक, विद्यार्थी, वैद्य अशा कोणासही येता येते; बंद सभा फक्त मद्यपानाची समस्या असलेल्यांसाठी असते. साधारणपणे एक ते दीड तास चालणाऱ्या सभेचा आरंभ संघटनेचा उद्देश सांगणाऱ्या छोट्या वाचनाने होतो. अध्यक्षस्थान समूहातील सदस्य आळीपाळीने घेतात. बोलणारा केवळ आपले पाळण्यातले नाव सांगून आपण मद्यासक्त असल्याचे कबूल करतो आणि आपला अनुभव सांगतो. मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही, खंडन करीत नाही. नवागताने बोललेच पाहिजे, असे बंधन नसते. मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकले तरी चालते. शेवटी स्वेच्छेने पैसे टाकण्यासाठी पेटी किंवा टोपी फिरते. तीतून खोलीचे भाडे व चहा-कॉफीचा खर्च भागतो. समारोपाला बहुधा मनःशांतीची छोटी प्रार्थना म्हणतात. तिचे कर्तृत्व अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबूर यांच्याकडे जाते.

जन्मभर न पिण्याची शपथ येथे घेत नाहीत. फक्त आजचा दिवस, चोवीस तास, मद्य घ्यावयाचे नाही, असा निश्चय करतात. मोडलेली शपथ माणसाला लाजेने पुन्हा पेल्याकडे ढकलते, हा अनुभव या नियमामागे आहे. घसरलेला सदस्य परत येतो, तेव्हा त्याच्याकडे खुलासा मागितला जात नाही. तो पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू करतो. ‘स्पॉन्सर’ म्हणून ओळखला जाणारा एखादा जुना सदस्य नवागताला सभांबाहेरही सोबत करतो. रात्री-अपरात्री पिण्याची ओढ अनावर झाली, तर त्याला हाक मारावयाची असते. पहिली सभा मानवली नाही, तर दुसऱ्या समूहाच्या सभा पाहाव्यात, असा सल्ला जुने सदस्य देतात. कारण पद्धत एक असली, तरी प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो.

बारा परंपरा : झपाट्याने झालेल्या वाढीमुळे संघटनेपुढे वॉशिंग्टनियनांसारखेच धोके उभे राहिले. काही समूहांनी सदस्यत्वासाठी नाना अटी घातल्या. मध्यवर्ती कार्यालयाने त्या सर्व एकत्र करून पाहिल्या, तेव्हा त्या सगळ्या लागू केल्यास कोणालाच प्रवेश मिळणार नाही, असे दिसून आले. पैशाचाही मोह होता. १९३८ मध्ये विल्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे मोठ्या देणगीची अपेक्षा केली होती. पैशाने हे काम बिघडेल, असे म्हणून त्यांनी केवळ पाच हजार डॉलर दिले. त्या वेळी निराशाजनक वाटलेला हा निर्णय पुढे संघटनेचे धोरणच झाला.

या अनुभवांतून विल्सनने तयार केलेल्या बारा परंपरा १९४६ मध्ये संघटनेच्या ‘ग्रेपव्हाइन’ या मासिकात प्रसिद्ध झाल्या व जुलै १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनाने त्या स्वीकारल्या. त्यांतील बहुतेक नकारात्मक आहेत. बाहेरून देणगी घ्यावयाची नाही. मालमत्ता व मानमरातब यांच्या मागे लागावयाचे नाही. रुग्णालय अथवा अन्य संस्थेला आपले नाव द्यावयाचे नाही. बाहेरच्या कोणत्याही वादात, मद्यबंदीच्या प्रश्नातसुद्धा, मत द्यावयाचे नाही. जाहिरातबाजी करावयाची नाही. वृत्तपत्रे, नभोवाणी व चित्रपट यांत सदस्याने नाव उघड करावयाचे नाही. समूहाचे पुढारी हे विश्वासू सेवक असतात. ते शासन करीत नाहीत.

अनामिकतेचा अर्थ येथे पालटलेला दिसतो. आरंभी ती नोकरी व अब्रू वाचविण्याची ढाल होती. परंपरांनी तिला अहंकार आवरण्याचे साधन केले. येल विद्यापीठाने १९५४ मध्ये देऊ केलेली सन्माननीय पदवी विल्सनने याच कारणास्तव नाकारली. १९५५ मध्ये सेंट लूइस येथील अधिवेशनात संस्थापकांची जबाबदारी निर्वाचित परिषदेकडे सोपविण्यात आली. व्यक्तीभोवती उभी राहिलेली चळवळ व्यक्तीच्या हयातीतच तिच्यापासून मोकळी झाल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

प्रसार व शाखाप्रशाखा : आरंभीचे सदस्य बहुतेक गोरे मध्यमवर्गीय पुरुष होते. १९३९ मध्ये आलेली मार्टी मॅन ही दीर्घकाळ मद्यमुक्त राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक होय. मद्यासक्ती हा आजार आहे, हे लोकांना पटविण्यासाठी तिने १९४४ मध्ये राष्ट्रीय समिती स्थापन केली. १९४२ पासून कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगातही सभा भरू लागल्या. सदस्यांच्या पत्नी सभेच्या वेळी शेजारच्या खोलीत वाट पाहत बसत. आपलेही जीवन या आजाराने विस्कटले आहे, हे त्यांना एकमेकींशी बोलताना उमगले. त्यांतून लोइस विल्सन हिच्या पुढाकाराने १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र संघटना निघाली. किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ हे समूह १९५७ मध्ये सुरू झाले. बारा पायऱ्यांची पद्धत मादक द्रव्ये (१९५३), जुगार (१९५७) इ. व्यसनांसाठीही उचलली गेली. जपानमध्ये १९५८ पासून वाढलेल्या ‘दानशुकाई’ चळवळीने मात्र अनामिकता सोडून दिली. तेथे सदस्य आपल्या नावानिशी व बहुधा पत्नीसह सभेस येतात. एकच कल्पना निराळ्या समाजात कशी रूप बदलते, हे त्यावरून दिसते.

भारत व महाराष्ट्र : भारतात ए. ए.चे कार्य १९५७ मध्ये सुरू झाले व मुंबई हे त्याचे आरंभीचे प्रमुख केंद्र होय. त्या वेळी मुंबई राज्यात १९४९ च्या अधिनियमाने आणलेली दारूबंदी लागू होती. म्हणजे ज्या शहरात परवान्यावाचून मद्य घेणे हा गुन्हा होता, तेथेच आपण मद्याच्या आहारी गेलो असल्याचे चारचौघांत कबूल करणाऱ्यांची सभा भरू लागली. महाराष्ट्रात ही बंदी पुढे शिथिल झाली. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत ती निराळ्या कारणांनी आली आणि गडचिरोलीत तर तिच्यामागे लोकचळवळ होती. ए. ए. या वादात कोणतीच बाजू घेत नाही; कायदा दुकानाचा विचार करतो, सभा त्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाचा. मुंबई, पुणे, गोवा इ. ठिकाणी चर्चच्या आवारांत व शाळांच्या वर्गांत अशा सभा भरत आल्या आहेत. आरंभी इंग्रजीत चालणारे हे कार्य पुढे मराठी, हिंदी, कोंकणी अशा भाषांत उतरले.

मराठी समाजाला या विषयाची जाण नव्हती असे नाही. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील सुधाकराची शोकांतिका घरोघरी परिचित होती. त्या नाटकात पिणाऱ्यांचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. पिणे सोडू पाहणाऱ्यांचे मंडळ मात्र नाही. सुधाकर मद्य सोडतो तो एकटा आणि पुन्हा पितो तोही एकटा. ही उणीव भरून काढणाऱ्या संस्था विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात उभ्या राहिल्या. मुंबईत वांद्रे येथे फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन केले. स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेल्या या धर्मगुरूंनी ए. ए.च्या पायऱ्यांना योगाभ्यासाची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीने त्यास बळ मिळाले. वैद्यकीय उपचार, समूहचर्चा, बरे झालेल्यांनाच कार्यकर्ते म्हणून घेणे आणि घरी परतल्यावर गावोगावच्या पाठपुरावा-सभांना येत राहणे, अशी मुक्तांगणची रीत आहे. ती ए. ए.ची शाखा नव्हे. परंतु बरा झालेला रुग्ण हाच दुसऱ्या रुग्णाचा आधार, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

टीका व मूल्यमापन : बारा पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख व हतबलतेची कबुली यांवर प्रारंभापासून आक्षेप घेण्यात आले. स्त्रियांना हतबलतेपेक्षा आत्मविश्वासाची गरज अधिक आहे, या विचाराने जीन कर्कपॅट्रिक हिने १९७५ मध्ये ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही संघटना काढली. १९९४ मध्ये वर्तनोपचारावर आधारलेली ‘स्मार्ट रिकव्हरी’ पुढे आली. अमेरिकेत न्यायालये व तुरुंगाधिकारी आरोपींना ए. ए.च्या सभांना सक्तीने पाठवीत. अशी सक्ती धर्मस्वातंत्र्याशी विसंगत असल्याचे निर्णय तेथील न्यायालयांनी १९९६ मध्ये दिले. स्वेच्छेने येणाऱ्यांच्या सभेत सक्तीने आलेला श्रोता बसविणे हे तिच्या मूळ कल्पनेलाही धरून नव्हते.

परिणामकारकतेविषयी दीर्घकाळ निश्चित बोलणे कठीण होते. कारण ज्या संघटनेत नोंदवही नाही व नावही नाही, तिचे मोजमाप करावयाचे कसे? कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये पुरावा अपुरा ठरविला होता. २०२० च्या आढाव्यात मात्र २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती यांच्या आधारे, ए. ए.शी जोडून देणारे सुसूत्र उपचार सलग मद्यमुक्ती राखण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरतात, असा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ सभा हा सर्वांसाठी पुरेसा उपाय आहे, असा नव्हे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने मद्य एकाएकी सोडल्यास आचके, भ्रम असे जीवावर बेतणारे विकार उद्भवू शकतात. म्हणून ती पहिली पायरी वैद्यकीय देखरेखीखालीच ओलांडावी लागते. नैराश्यादी मानसिक विकार असल्यास त्यांवर स्वतंत्र उपचार करावे लागतात. मद्यमुक्तीचे पहिले काही दिवस वैद्यक सांभाळू शकते. त्यानंतरची वर्षे कोणाच्या सोबतीने काढावयाची, हा प्रश्न मागे उरतो.

त्या प्रश्नाला ए. ए.ने दिलेले उत्तर साधे आहे. पैसा, सत्ता, कीर्ती व मतप्रचार यांपासून दूर राहिल्यामुळे तिच्या सभेत भांडण्याजोगे फारसे काही उरत नाही. उरतात ती केवळ एकमेकांची गरज असलेली माणसे. ॲक्रनच्या हॉटेलात विल्सनने दूरध्वनी उचलला, तो दुसऱ्याचे भले करण्यासाठी नव्हे, तर स्वतः पिऊ नये म्हणून. सभेची वेळ विचारीत दारात येणारा नवागत आपण मदत मागावयास आलो आहोत, असे समजतो. आत बसलेल्यांनाही त्याच्या येण्याची तितकीच गरज असते, हे त्याला बहुधा नंतर कळते.